स्टेअरिंग कुणी फोडलं?

एक गाडी आहे. वय साठीच्या आसपास. गेली कित्येक वर्षं ती गॅरेजात नुसती उभी आहे. तिला कुणी ठोकलेलं नाही, आत शिरून कुणी हातोडा चालवलेला नाही. तरी दार उघडून पाहावं, तर स्टेअरिंगला सात-आठ भेगा! एखादी केसासारखी, तर एखादी एवढी रुंद की तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं बसेल.

मग हे स्टेअरिंग फोडलं कुणी?

चला, तपास करू या. गुन्हेगार सापडला की दुरुस्तीलाही बसू. पण आधी गुन्हेगार आणि मग दुरुस्ती, हा क्रम मोडायचा नाही हं. का, ते पुढे कळेलच.

गाडी कसली, पैलवानच!

आपली ही गाडी अमेरिकेतली. तिथल्या मोटार कारखान्यांना 1960च्या दशकात एक खोडकर कल्पना सुचली. मधल्या आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात भल्यामोठ्या गाडीचं इंजिन बसवून द्यायचं! अशा गाड्यांना नाव पडलं ‘मसल कार’. मसल म्हणजे स्नायू, तेव्हा आपण तिला पैलवान गाडी म्हणू.

1964 साली आलेली पाँटिॲक जीटीओ ही त्यातली फार गाजलेली गाडी. तिचं इंजिन होतं साधारण 6375 सीसीचं. म्हणजे केवढं? आपल्याकडे 1983 साली मारुती 800 आली, तिचं इंजिन 796 सीसीचं होतं. आता 796 ला 8 ने गुणा. किती आले? 6368! म्हणजे आठ मारुतींची इंजिनं एकाच बॉनेटखाली घुरघुरत बसली आहेत असं समजा. जीटीओच्याच वर्षी, 1964च्या एप्रिलमध्ये, फोर्डची मस्टँग आली, पुढे डॉज चार्जर आली, शेव्हरोले कमॅरो आली. अमेरिकेतलं डेट्रॉइट हे या गाड्यांचं माहेर. तिथल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाच्या लांबलचक रस्त्यावर 1995 पासून ऑगस्ट महिन्यात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आपल्या गाडीलाही तिकडे जायचंय. पण अशा फुटक्या स्टेअरिंगनं कशी जाणार?

परातीएवढं चाक

या गाड्यांचं स्टेअरिंग पाहिलं की पहिला प्रश्न पडतो, एवढं मोठं कशाला? चांगलं 40 सेंटीमीटर रुंद, घरातल्या परातीएवढं!

उत्तर तुमच्या घराच्या दारात आहे. दार कडीजवळ धरून ढकला, एका बोटानं उघडेल. आता तेच दार बिजागरीजवळ ढकलून पाहा. घाम फुटतो की नाही? फिरणाऱ्या वस्तूला मधल्या आसापासून जितकं लांब धरावं, तितकी ताकद कमी लागते. स्टेअरिंगचंही तसंच. दीड टन वजनाच्या गाडीची पुढची चाकं वळवायची, तर हातातलं चाक मोठं हवं. इंजिनाच्या जोरावर स्टेअरिंग हलकं करणारं पॉवर स्टेअरिंग क्रायस्लर कंपनीनं 1951 मध्येच बाजारात आणलं होतं, पण साठच्या दशकातही बऱ्याच गाड्यांवर त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. ज्यांनी ते मोजले नाहीत, त्यांनी दंड कमावले!

आणि बरं का, अगदी सुरुवातीच्या मोटारींना असं चाक नव्हतंच. नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा, तो इकडे तिकडे ढकलायचा. 1894 साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशरों नावाच्या फ्रेंच गृहस्थानं आपल्या गाडीला दांड्याऐवजी चाक लावलं. तेव्हापासून ‘गाडीचं चाक हातात घेणं’ सुरू झालं.

तपास सुरू

आता आपल्या फुटक्या चाकाजवळ या आणि भेगेत डोकावून पाहा. आत काहीतरी तांबूस दिसतंय? तो गंज आहे. म्हणजे आत लोखंड आहे! स्टेअरिंग हे बटाटेवड्यासारखं असतं. आत पोलादाची कडी आणि पोलादाचेच आरे, वरून प्लॅस्टिकचं जाड आवरण. कारखान्यात पोलादी सांगाडा साच्यात ठेवतात आणि भोवती वितळलेलं प्लॅस्टिक दाबून भरतात.

त्या काळच्या अनेक स्टेअरिंगांचं प्लॅस्टिक मोठं गमतीचं होतं. ते चक्क झाडापासून बनायचं. लाकडाच्या लगद्यातलं किंवा कापसातलं सेल्युलोज घ्यायचं, त्यावर आम्लांची प्रक्रिया करायची, की तयार होतं ‘सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट’. नाव लांबलचक आहे, पण फोडून पाहा. ॲसिटेट हा शब्द ॲसेटिक आम्लावरून आला, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. ब्युटिरेट आला ब्युटिरिक आम्लावरून, म्हणजे खवट लोण्याला ज्याच्यामुळे वास येतो ते आम्ल. या जातीच्या प्लॅस्टिकच्या जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठींना कधी कधी खरंच लोणी खवट झाल्यासारखा वास येतो. म्हातारं होताना प्लॅस्टिक आपली कच्ची सामग्री हळूहळू हवेत सोडत असतं!

म्हणजे हे प्लॅस्टिक बदलतंय. इथेच आपल्याला पहिला धागा मिळाला.

संशयित नंबर एक: ऊन

उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबच लांब साखळ्या तोडतात. गच्चीवरची प्लॅस्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत कशी पांढुरकी आणि ठिसूळ होते, आठवा. स्टेअरिंग तर थेट काचेमागे बसलेलं. काच थोडे किरण अडवते, पण सगळे नाही.

संशयित नंबर दोन: पळून गेलेला मऊपणा

प्लॅस्टिक कडक होऊ नये म्हणून कारखान्यात त्यात एक मऊ ठेवणारं द्रव्य मिसळतात. त्याला म्हणतात प्लॅस्टिसायझर. ते वर्षानुवर्षं कणाकणानं उडून जातं. गरम भाकरी कशी मऊ असते, आणि रात्रभर उघडी राहिलेली? कडक होते, आकसते आणि वाकवली की चिरते. आपलं स्टेअरिंग म्हणजे साठ वर्षांची शिळी भाकरी!

संशयित नंबर तीन: आतलं पोलाद

हा सगळ्यांत छुपा संशयित. त्याला पकडायला आपल्याला बैलगाडीजवळ जावं लागेल.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी असते, तिला धाव म्हणतात. ही धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान बनवतात. मग ती चाकावर चढते कशी? लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात चांगली तापवतो. तापली की लोखंड फुगतं आणि धाव मोठी होते. मग सांडशीनं उचलायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र! वाफेचा ढग उठतो, धाव थंड होऊन आकसते आणि लाकडाला अशी आवळते की खिळा ठोकायची गरज नाही.

आता हाच खेळ स्टेअरिंगमध्ये पाहा. इथे आत पोलाद आहे आणि बाहेरून त्याला धावेसारखं आवळणारं आहे प्लॅस्टिक. तापल्यावर दोन्ही फुगतात, पण सारखे नाही. प्लॅस्टिक पोलादाच्या जवळजवळ दहा पट फुगतं, आणि गार झालं की तेवढंच आकसतं.

थोडा हिशोब करू. 40 सेंटीमीटर रुंद चाकाचा घेर झाला साधारण 126 सेंटीमीटर. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा अंशांवर जातो. उन्हाळ्यात बंद गाडीत, थेट उन्हात, स्टेअरिंग सहज 60 अंशांपर्यंत तापतं. फरक झाला 70 अंशांचा. एवढ्या फरकात पोलादाची कडी लांब-आखूड होते सुमारे 1 मिलीमीटरनं. प्लॅस्टिकला मात्र हवी असते सुमारे 1 सेंटीमीटरची मोकळीक!

हिवाळा आला की प्लॅस्टिक म्हणतं, “मला आकसायचंय.” पोलाद म्हणतं, “मी नाही हलणार.” झाली ओढाताण सुरू. नवीन, मऊ प्लॅस्टिक ताणून घेतं. बैलगाडीची धाव लोखंडाची असते, तीही ताण सोसते. पण ऊन खाऊन ठिसूळ झालेलं, मऊपणा गमावून आधीच आकसलेलं म्हातारं प्लॅस्टिक किती ताणणार? एका थंडगार रात्री, कुणी पाहत नसताना, टक्!

सापडले गुन्हेगार. एकटा कुणी नव्हता, तिघांची टोळी होती.

आणखी एक पुरावा हवा? भेगा कुठे पडल्यात पाहा. बहुतेक भेगा आरे आणि कडी जिथे जुळतात, तिथेच. चिवड्याच्या पुडीला कडेला दातेरी काप का असतो? कारण ताण नेहमी खाचेत आणि कोपऱ्यात गोळा होतो, तिथून पुडी पटकन फाटते. आरा आणि कडी यांचा कोपरा ही प्लॅस्टिकची तशीच नाजूक जागा.

चाक काढायचं, पण हातोडा नाही!

आता दुरुस्ती. कारागीर पहिल्यांदा बॅटरीची तार सोडवतो, म्हणजे काम करताना हॉर्न बोंबलणार नाही. मग मधलं हॉर्नचं बटण काढतो. इथे एक कोडं: स्टेअरिंग गोल गोल फिरतं, तर हॉर्नची तार पिळवटून तुटत का नाही? कारण तार थेट जोडलेलीच नसते. चाकाच्या पाठीमागे धातूची एक गोल चकती असते आणि स्प्रिंगनं दाबलेला एक छोटा तुकडा तिच्यावर सतत टेकलेला असतो. चाक कसंही फिरो, वीज त्या टेकलेल्या जागेतून जाते.

बटणाखाली एक मोठा नट असतो. तो पान्यानं सैल केला तरी चाक निघत नाही, कारण आतल्या दांड्यावर बारीक दाते असतात आणि चाक त्यात घट्ट रुतलेलं असतं. कारागीर आधी दांड्यावर आणि चाकावर एक सरळ खूण करतो. परत बसवताना ती जुळली नाही, तर गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं दिसेल! मग पुलर नावाचं हत्यार लावून तो चाक हळूहळू ओढून काढतो.

हातोडा मारून का नाही? जनरल मोटर्सनं 1967च्या गाड्यांपासून स्टेअरिंगचा दांडा असा बनवला, की टक्कर झाली तर तो आत दबून जावा आणि चालकाच्या छातीत घुसू नये. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून नव्या मोटारींना तसा नियमच झाला. असा दांडा हातोड्यानं ठोकला तर तो टकरीआधीच दबायचा! आणि एक सांगून ठेवते: आजच्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असते. तिथे आपण पाना घेऊन अजिबात जायचं नाही.

भेग भरायची तर आधी मोठी करायची

चाक टेबलावर आलं. साठ वर्षांचा घाम, तेल, मळ त्यावर बसलाय. साबणानं आणि तेल काढणाऱ्या द्रवानं ते स्वच्छ होतं. हे आधी केलं नाही, तर नंतर तिथे रंग धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात.

आणि आता कारागीर काय करतो माहितेय? हॅक्सॉचं पातं आणि कानस घेतो आणि भेग आणखी रुंद करतो! वरून रुंद, खाली अरुंद, अगदी आतलं पोलाद दिसेपर्यंत. भेगेची कड इंग्रजी व्ही अक्षरासारखी तिरकी होते. पोलादावरचा गंज खरवडून निघतो.

का बरं? आठवा, गुन्हेगार आत आहेत. भेगेच्या तोंडाशी वरवर लांबी भरली आणि रंग मारला, तर आठ दिवस चाक नव्यासारखं दिसेल. पण आतली भेग तशीच उघडी आहे. पुढच्या हिवाळ्यात ताण पुन्हा तिथेच गोळा होणार आणि नव्या रंगावर जुनीच भेग उमटणार. म्हणून मी म्हटलं होतं, आधी गुन्हेगार, मग दुरुस्ती.

भरायला घेतात इपॉक्सी. तुम्ही घरी एमसील पाहिलंय ना? दोन रंगांचे दोन तुकडे, रंग एक होईपर्यंत मळायचे आणि गळक्या नळाला लावायचे. हीसुद्धा तशीच दोन भागांची. एका भागात असतो राळेसारखा चिकट पदार्थ, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारा. दोन्ही भेटले की त्यांचे रेणू एकमेकांच्या हातात हात गुंफतात आणि जाळं विणलं जातं. या कामात उष्णताही निघते, मिश्रणाची वाटी हाताला कोमट लागते! जाळं पूर्ण विणायला एखादा दिवस द्यावा लागतो. घाई करणाऱ्याचं बोट चिकटतं.

भेग कडेच्या थोडी वर येईल इतकी भरतात. जास्तीचं घासून काढता येतं, कमी पडलेलं घासून वर आणता येत नाही.

घास, घास, घास

आता पॉलिशपेपरची पाळी. त्याच्या पाठीवर नंबर असतो. नंबर लहान तर कागद खरखरीत, नंबर मोठा तर मुलायम. 80 नंबरनं सुरुवात, मग 180, मग 320, शेवटी 600. प्रत्येक कागद आधीच्या कागदानं पाडलेले ओरखडे पुसतो आणि स्वतःचे थोडे बारीक ओरखडे ठेवून जातो.

सगळ्यांत कसोटी असते चाकाच्या पाठीमागे. तिथे बोटं नीट बसावीत म्हणून ओळीनं लाटांसारखे खळगे असतात. सपाट कागद तिथे फिरवला, तर लाटा बोथट होतात. मग कारागीर कागद एका गोल लाकडी काडीला गुंडाळतो आणि एकेक खळगा घासतो. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. एवढ्या कामात एक दुपार सहज जाते.

गुळगुळीत झालं की नाही हे कसं कळणार? त्यासाठी एक छान युक्ती आहे. सगळ्या चाकावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करायची आणि पुन्हा हलकंच घासायचं. उंच जागेवरचा काळा रंग निघून जातो, पण खोलगट जागेतला तसाच राहतो. लपून बसलेला प्रत्येक खड्डा स्वतःच ओरडतो, “मी इथे आहे!” मग त्यात पुन्हा थोडी लांबी, पुन्हा घासणं.

यानंतर अस्तराचा रंग, आणि त्यावर खऱ्या रंगाचे हात. एक जाड हात दिला तर रंग ओघळतो, म्हणून पातळ पातळ हात देतात आणि मध्ये वाळू देतात. या रंगांची वाफ फुप्फुसाला घातक असते. कारागीर खास मुखवटा लावतो आणि मुलांना बाहेर पाठवतो. तेव्हा आपणही बाहेर थांबू आणि लाकडाच्या गोष्टी करू.

लाकूड खोटं, लाकूड खरं

अनेक पैलवान गाड्यांना जास्त पैसे देऊन लाकडी दिसणारं स्टेअरिंग घेता यायचं. मस्टँगच्या खास सजावटीत ते असायचं. पण दिसणारं बरं का, असणारं नव्हे! ते होतं प्लॅस्टिकच, वर लाकडाच्या रेषा काढलेल्या. झिजलेल्या रेषा पुन्हा काढायला काही कारागीर फिकट रंगावर गडद रंग कोरड्या ब्रशनं ओढतात.

दुसरी पद्धत मात्र जादूच. लाकडाची नक्षी छापलेला एक पातळ पापुद्रा पाण्यावर तरंगत सोडतात. पाण्यात पापुद्रा विरघळतो आणि उरते ती पाण्यावर तरंगणारी नुसती शाई. पाण्यावरच्या रांगोळीसारखी! त्यावर एक द्रव फवारून शाई ओली करायची आणि चाक हळूहळू पाण्यात बुडवायचं. पाणी चाकाला चहूबाजूंनी दाबतं आणि नक्षी वळणावळणावर चिकटते. वरून पारदर्शक रंगाचे हात दिले की झालं लाकूड.

आणि खरं लाकूड? 1965 साली शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स गाडीला जास्त पैशांत खऱ्या सागवानाचं स्टेअरिंग मिळायचं. सागाला इंग्रजीत टीक म्हणतात, आणि हा शब्द मल्याळममधल्या ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांच्या जहाजांतून तिकडे गेला. म्हणजे कॉर्व्हेटच्या हातातल्या चाकाचं नाव मूळचं आपल्याच किनाऱ्याकडचं!

खरं लाकूड दुरुस्त करताना वेगळाच विचार करावा लागतो. ते उन्हापेक्षा ओलाव्यानं जास्त फुगतं. पावसाळ्यात कपाटाचं दार कसं अडकतं, तसंच. म्हणून भेगा सांधून झाल्या की पॉलिशचे पातळ हात देऊन त्याची छिद्रं बंद करतात, म्हणजे हवेतला ओलावा पटकन आत जात नाही.

बोटांची परीक्षा

आपलं चाक वाळलं. चकचकीत काळं, त्यात गॅरेजचा दिवासुद्धा दिसतोय. नवं चाक विकत मिळालं असतं, तर एवढी मेहनत का? जुन्या गाड्यांच्या चाहत्यांना विचारा. काही जण तर भेगाही तशाच ठेवतात, म्हणतात, गाडीच्या सुरकुत्या आहेत त्या. पण ज्याला गाडी चालवायची आहे, त्याला ज्या चाकावर साठ वर्षांपूर्वी कुणाचे तरी हात होते, तेच चाक हवं असतं.

शेवटची तपासणी कारागीर डोळे मिटून करतो. कडीवरून बोट फिरवत जातो. बोटांच्या टोकांना केसाहून बारीक उंचवटाही कळतो, त्यामुळे डोळ्यांना चकवलेली भेग बोटांना सापडतेच. आऱ्याजवळच्या कोपऱ्यावर बोट थोडं रेंगाळतं. इथेच ते नाणं उभं राहिलं असतं. बोट पुढे सरकतं. पाठीमागचा पहिला खळगा, दुसरा, तिसरा... सगळे जिथल्या तिथे.

मग तो डोळे उघडतो, दांड्यावरची खूण चाकावरच्या खुणेशी जुळवतो आणि नट आवळतो. गाडी सावलीत उभी करायची, एवढंच आता बाकी.

करून पाहा

1. लोणच्याच्या काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलं असेल, तर मोठ्यांच्या मदतीनं त्यावर कोमट पाणी सोडा. झाकण पटकन का सुटलं? पत्रा जास्त फुगतो की काच?

2. वडीवर नाव कोरलेला नवा, कोरडा साबण घ्या. त्यावर रंगीत खडूची पूड चोळा आणि मग वडी कागदावर हलक्या हातानं घासा. पूड कुठे निघाली, कुठे राहिली? हीच ती कारागिराची युक्ती!